संप पंप संपावर जातो तेव्हा

2021 साली गणपती 10 सप्टेंबरला होते. चौरंग, पाट, लायटिंगच्या माळा, मखराचे पडदे, पंगतीची दोन मोठी पातेली असं सगळं मी ऑगस्टअखेरच बेसमेंटमध्ये काढून जमिनीवर मांडलं होतं. 1 तारखेच्या संध्याकाळी आयडा वादळाचा उरलासुरला पाऊस न्यू जर्सीवर येऊन बसला. आमच्या जवळच्या नेवार्कला त्या एका दिवसात 8.41 इंच, म्हणजे जवळपास 214 मिलिमीटर पाऊस झाला. 26 जुलै 2005 चा सांताक्रूझचा 944 मिलिमीटरचा आकडा ज्यांना पाठ आहे ते हसतील. पण नेवार्कच्या नोंदींत एका दिवसात एवढा पाऊस आधी कधी झाला नव्हता, आणि इथल्या घरांचा एक आख्खा मजला जमिनीखाली असतो.

रात्री लाइट गेले. बेसमेंटच्या खड्ड्यात साठणारं पाणी बाहेर फेकायला आमच्याकडे बॅटरीवर चालणारा बॅकअप पंप आहे; खालून त्याचा आवाज आला तशी मी निर्धास्त झाले. वीसेक मिनिटांनी तो आवाज घोगरा झाला, रेंगाळला आणि थांबला. सकाळी चौरंग तरंगत होता.

मला राग आला तो त्या पंपाच्या पेटीवरच्या हिरव्या दिव्याचा. आदल्याच दुपारी कपडे वाळत टाकायला खाली गेले होते तेव्हा तो छान लागलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता. लातूरला बाबांना फोन केला, सगळं सांगितलं. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच विचारलं, "बॅटरीत पाणी कधी घातलं होतंस?" मी म्हटलं, "कसलं पाणी, बाबा?" पलीकडे दोन क्षण शांतता. मग म्हणाले, "अगं, हिरवा दिवा चार्जरचा असतो. बॅटरीचा नव्हे."

तो दिवा नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कळलं की या यंत्राची अर्धी देखभाल समजली म्हणायची. त्याआधी, ज्यांच्या घरी बेसमेंट नाही त्यांच्यासाठी थोडं मुळापासून.

अमेरिकेच्या थंड भागांत हिवाळ्यात जमीन काही फूट खोलपर्यंत गोठते. गोठलेली जमीन फुगते आणि पाया उचलते, म्हणून पाया त्या थराच्याही खाली न्यावा लागतो. एवढं खणलंच आहे तर खाली एक मजला काढू, असा हा बेसमेंटचा हिशेब. पण जमिनीत मुरलेलं पाणी मग पायाच्या भिंतीशी गोळा होतं. ते आत घुसू नये म्हणून पायाच्या कडेने खडीत भोकं पाडलेला पाइप पुरतात आणि त्याचं तोंड बेसमेंटच्या कोपऱ्यातल्या एका खड्ड्यात सोडतात. तो संप. साधारण दीड फूट रुंद, दोन फूट खोल. त्यात पंप बसलेला असतो आणि पंपाला फ्लोट. आपल्या गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट पाणी भरलं की मोटर बंद करतो. हा उलटा, पाणी भरलं की मोटर चालू करतो. पाणी पाइपमधून वर चढतं आणि घरापासून लांब अंगणात पडतं.

गोम अशी की जोराचा पाऊस आणि लाइट जाणं या गोष्टी हातात हात घालून येतात. म्हणून त्याच खड्ड्यात दुसरा, छोटा, 12 व्होल्टवर चालणारा पंप बसवतात. त्याचा फ्लोट मुख्य पंपाच्या फ्लोटपेक्षा थोडा वर असतो, म्हणजे मुख्य पंपाला पाणी आवरलं नाही तरच याची पाळी येते. शेजारी डब्यात बॅटरी आणि भिंतीवर चार्जरची पेटी. हा धाकटा पंप थोरल्याच्या ताकदीचा नसतो हे आधीच मनाशी पक्कं करावं. एक तृतीयांश हॉर्सपॉवरचा साधा मुख्य पंप दहा फूट उंचीवर तासाला 2000 गॅलनच्या आसपास पाणी फेकतो (गॅलन म्हणजे सुमारे पावणेचार लिटर). बरेचसे घरगुती बॅकअप पंप त्याच उंचीवर हजार ते दीड हजार गॅलन. खोक्यावर मोठ्ठा आकडा छापलेला असतो तो बहुतेक वेळा शून्य उंचीचा, म्हणजे पाणी वर चढवायचंच नसेल तर. खरेदी करताना दहा फुटांचा आकडा शोधा.

आता बॅटरी. 2005 च्या आसपासचं महाराष्ट्रातलं लोडशेडिंग ज्यांनी काढलंय त्यांना शिशाची बॅटरी नवी नाही. तेव्हा घरोघरी इन्व्हर्टर होता, आणि बाबा दर रविवारी चष्मा लावून त्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचे. पण त्या बॅटरीची तब्येत कळायला खरं तर काही करावं लागत नसे. रोज लाइट जायचे, रोज ती कामाला लागायची. आधी तीन तास चालणारा पंखा दीड तासात मंद झाला की घरातलं शेंबडं पोरही सांगायचं, बॅटरी गेली म्हणून. संप पंपाच्या बॅटरीचं नेमकं उलटं आहे. ती वर्षातले 364 दिवस नुसती बसून असते. आतून ती कधी म्हातारी झाली हे कुणालाच कळत नाही, आणि कळतं ते नेमकं त्याच एका रात्री.

हिरवा दिवा एवढंच सांगतो की चार्जरला वीज मिळतेय आणि त्याला बॅटरीच्या टोकांशी साधारण योग्य व्होल्टेज दिसतंय. मेलेली बॅटरीसुद्धा चार्जर जोडलेला असेपर्यंत हे व्होल्टेज दाखवू शकते. आमच्या बॅटरीत पाणी कमी झालं होतं, शिशाच्या प्लेटा अर्ध्या उघड्या पडल्या होत्या. उघड्या पडलेल्या भागावर सल्फेटचा कडक थर बसतो आणि तेवढा भाग कामातून जातो. म्हणजे बॅटरी भरलेली असतेच, फक्त हंड्याचा तांब्या झालेला असतो. चार्जर प्रामाणिकपणे सांगतो, "भरलंय." काय भरलंय ते सांगत नाही.

पाणी का कमी होतं? चार्ज होत राहिलं की आतल्या पाण्याचं हळूहळू हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होऊन ते उडून जातं. ॲसिड उडत नाही. म्हणून वरून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, ॲसिड कधीही नाही. नळाचं नाही, फिल्टरचं नाही, उकळून गार केलेलंही नाही; त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. इथे औषधांच्या दुकानात गॅलनचा कॅन मिळतो आणि तो दोन वर्षं पुरतो. दर दोन-तीन महिन्यांनी सहाही झाकणं उघडून बघायचं. प्लेटा बुडलेल्या हव्यात आणि पाणी झाकणाखालच्या नळीच्या टोकाला टेकायच्या जरासं खाली हवं. काठोकाठ भरायचा मोह आवरा, कारण चार्ज होताना पाणी फुगतं आणि ॲसिडसकट बाहेर येतं. म्हणून बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरच पाणी घालतात. प्लेटा उघड्याच पडल्या असतील तर आधी त्या झाकण्यापुरतं घालून चार्ज करायचं, मग उरलेलं. एजीएम नावाची सीलबंद बॅटरी असेल तर मात्र यातलं काहीच करायचं नाही, तिला झाकणंच नसतात. थोडी महाग, पण आळशी घरासाठी तीच बरी. आता आमच्याकडे तीच आहे.

झाकणं उघडताना चष्मा आणि हातमोजे. आणि हायड्रोजन पेट घेतो हे लक्षात असू द्या: लाइट गेले म्हणून देव्हाऱ्यातलं निरांजन किंवा मेणबत्ती घेऊन बॅटरीवर वाकायचं नाही. टॉर्च घ्या. चार्ज होताना कुजक्या अंड्यांसारखा वास येत असेल तर बॅटरी जास्त चार्ज होऊन तापतेय. चार्जरचा प्लग काढा, खोली हवेशीर करा आणि दोन्हींची तपासणी करून घ्या.

टोकांवर निळसर-पांढरी बुरशी दिसते ती म्हणजे गंज. खायचा सोडा, तोच आपण भज्यांत घालतो तो, पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासला की फसफसून निघतो. मात्र झाकणं घट्ट लावलेली असू द्या, सोडा आत गेला तर ॲसिडच मारून टाकेल. वायर सोडवताना आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह. जोडताना ती सगळ्यात शेवटी. पाना चुकून कुठे टेकला तर ठिणगी पडू नये म्हणून हा क्रम.

बाबांनी आणखी एक सांगितलं, बॅटरी फरशीवर ठेवू नकोस, लाकडाची फळी घाल, नाहीतर फरशी करंट ओढून घेते. जुन्या बॅटऱ्यांच्या खोक्यांतून गळती व्हायची तेव्हा यात तथ्य होतं. आताच्या प्लॅस्टिकच्या खोक्यांना फरशीचं काही होत नाही. तरी मी तिला दोन फूट उंच फळीवर ठेवलंय, कारण खोली भरली तर पहिली बुडणार ती बॅटरी. बाबांचं कारण जुनं, सल्ला बरोबर.

गाडीची जुनी बॅटरी लावून काम भागवायचा विचार मनात येतो. आमच्याही आला होता. गाडीची बॅटरी स्टार्टरला दोन-चार सेकंद प्रचंड करंट द्यायला बनवलेली असते. तिच्या प्लेटा पातळ असतात. तासन्‌तास थोडाथोडा करंट देत पूर्ण रिकामं होणं तिला सोसत नाही. इथे लागते ती डीप सायकल बॅटरी, बोटींसाठी विकतात तसली, जाड प्लेटांची. लिथियम लावायची असेल तर चार्जर तिच्याशी जुळणारा आहे का ते आधी बघा; शिशाचा चार्जर तिला चालेलच असं नाही.

आता चाचणी. पेटीवर टेस्टचं बटण असतं. ते दाबलं की पंप दोन-चार सेकंद गुरगुरतो आणि आपल्याला बरं वाटतं. त्याने मोटर फिरते एवढं कळतं. फ्लोट अडकलाय का, पाणी खरंच बाहेर जातंय का, बॅटरी किती वेळ तग धरेल, यातलं काही कळत नाही. खरी चाचणी म्हणजे लोडशेडिंग आपणच घरी आणायचं.

कोरड्या हवेचा शनिवार बघा. सकाळी चार्जरचा प्लग काढून ठेवा आणि तीन-चार तासांनी मल्टिमीटरने बॅटरी मोजा. लगेच मोजू नका, चार्जर काढल्याकाढल्या आकडा फुगलेला दिसतो. विश्रांतीनंतर 12.6 व्होल्ट किंवा जास्त असेल तर शिशाची बॅटरी भरलेली आहे, 12.2 म्हणजे अर्धीच. 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग मुख्य पंपाचाही प्लग काढा. पाच गॅलनच्या बादल्या भरून खड्ड्यात हळूहळू ओता. मुख्य पंपाच्या नेहमीच्या पातळीच्या वर पाणी गेलं की बॅकअपचा फ्लोट उचलला जायला हवा, पंप सुरू व्हायला हवा आणि अलार्म बोंबलायला हवा. या वेळी घरातल्या दुसऱ्या माणसाने बाहेर पाइपच्या तोंडाशी उभं राहायचं. आमच्याकडे हे काम मुलाचं, "आलं, आलं!" असा ओरडा ऐकू आला की मी पुढची बादली उचलते.

हे सात-आठ वेळा करा आणि मल्टिमीटर लावून ठेवा. पंप चालताना व्होल्टेज थोडं उतरणारच. पण काही मिनिटांतच ते झरझर उतरून 11 च्या आसपास आलं, तर सकाळी 12.6 दिसलं होतं ते विसरा. हीच ती तांब्या झालेली बॅटरी. मग चर्चा नाही, नवी आणा. चांगली निगा राखूनही शिशाची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांची सोबतीण. आणली त्या दिवसाची तारीख मार्करने तिच्यावर लिहून ठेवा, कारण "मागच्याच वर्षी तर आणली" असं आपल्याला चार वर्षं वाटत राहतं.

चाचणीनंतर सगळ्यात जास्त लोक करतात ती चूक म्हणजे प्लग परत न लावणं. मी हसत नाहीये, माझ्याकडूनही झालंय. आता मी प्लग काढला की गाडीची किल्ली तिथेच सॉकेटखाली ठेवते. किल्लीशिवाय घरातून बाहेर पडता येत नाही, त्यामुळे प्लग लागतोच. आणि न्यू जर्सीत बऱ्याच घरांत जमिनीतून येणारा रेडॉन हा घातक वायू आत शिरू नये म्हणून खड्ड्याचं झाकण सीलबंद केलेलं असतं. तुमचंही असेल तर ते परत नीट हवाबंद करा.

किती तास निघतील, याचं गणित घरी करता येतं. 18 इंच रुंदीच्या खड्ड्यात पाणी एक इंच चढलं म्हणजे साधारण 1.1 गॅलन. भर पावसात मुख्य पंप थांबल्याबरोबर घड्याळ लावा आणि पट्टीने बघा, मिनिटाला किती इंच चढतं. समजा सहा इंच चढलं. म्हणजे मिनिटाला साडेसहा, तासाला 400 गॅलन. तुमचा बॅकअप खरोखर तासाला 1200 गॅलन फेकत असेल तर तो एक तृतीयांश वेळ चालेल. चालताना तो 12 अँपिअर खात असेल तर सरासरी पडली 4 अँपिअर. 100 अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर 25 तास पुरली. कागद बाजूला ठेवून मी त्याचं अर्धं धरते, बारा तास: बॅटरी जुनी असते, जोरात करंट ओढला की ती छापील आकड्याइतकं देत नाही, आणि पार रिकामी केली की तिचं आयुष्य घटतं. बारा तास पुरत नसतील तर दुसरी बॅटरी जोडता येईल अशी पेटी घ्या किंवा जनरेटर. जनरेटर मात्र घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून लांबच चालवायचा, गॅरेजमध्येसुद्धा नाही. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो. वादळानंतर लाइट आले म्हणजे संकट टळलं असंही नाही. 2 अँपिअरच्या छोट्या चार्जरला रिकामी बॅटरी भरायला दोन दिवस सहज लागतात, आणि दुसरं वादळ तेवढी वाट बघत नाही.

याच गणिताची दुसरी बाजू कुणी सांगत नाही: खड्ड्यात पाणीच कमी येऊ द्या. 1500 चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की 935 गॅलन, म्हणजे साडेतीन हजार लिटर पाणी होतं. पन्हळीचे पाइप ते भिंतीलगतच सोडत असतील तर तेच पाणी फिरून तुमच्या संपात येतं. त्या पाइपांना थोड्या पैशांत लांब तोट्या जोडून पाणी उताराकडे नेलं, तर पंपाचं काम जेवढं हलकं होतं तेवढं महागड्या पंपानेही होत नाही.

पंपाची स्वतःची निगा वर्षातून एकदा पुरते. वर काढायचा, जाळीतली खडी-गाळ काढायचा, फ्लोट हाताने वरखाली करून बघायचा. पंप बंद पडण्याच्या तक्रारींत अडकलेला फ्लोट हा नेहमीचा आरोपी. तो वायरीत गुंततो नाहीतर खड्ड्याच्या भिंतीला टेकून बसतो. काही घरांत खड्ड्यात केशरी बुळबुळीत थर जमतो, ती जमिनीतल्या लोहावर जगणाऱ्या जिवाणूंची कृपा. तो खरवडून काढावाच लागतो. पंपाच्या वरच्या पाइपला कधी कधी एक बारीक भोक असतं आणि त्यातून पाण्याची पिचकारी उडते. ती गळती समजून एम-सील लावू नका. पंपात हवा अडकू नये म्हणून ते मुद्दाम पाडलेलं असतं.

दोन्ही पंपांचं पाणी एकाच पाइपमधून बाहेर जात असेल तर प्रत्येकाला वेगळा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप हवी. नसेल तर बॅकअपने उचललेलं पाणी बंद पडलेल्या मुख्य पंपातून परत खड्ड्यातच उतरतं. मोटरचा आवाज तर येतोय आणि पाणी इंचभरही उतरत नाही, असं दिसलं की पहिला संशय यावर घ्या. हिवाळ्यात बाहेरचं तोंड बर्फाने बुजतं, ते एकदा जाऊन बघत जा.

आणि अलार्म. तो वाजताना कुणी घरात असलं तर उपयोग. आम्ही दर दुसऱ्या वर्षी डिसेंबरात चार आठवडे लातूरला असतो. फोनवर मेसेज पाठवणारी पेटी घेतली तेव्हा वाटलं प्रश्न मिटला, मग लक्षात आलं की लाइट गेले की वायफायही गेलं. मेसेज जाणार कशावरून? आता राउटर आणि इंटरनेटची डबी छोट्या यूपीएसवर आहे. निघण्याआधी बादल्यांची चाचणी करतो. घराचा साधा विमा संप भरून वर आलेल्या पाण्याचं नुकसान सहसा देत नाही, त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते. तीही आयडानंतर घेतली.

शेजारच्या आजोबांकडे किल्ली असते आणि त्यांच्यासाठी जिन्याच्या दारावर इंग्रजीत चिठ्ठी लावलेली असते: अलार्म वाजत असेल पण घरात लाइट असतील, तर मुख्य पंप गेलाय, प्लंबरला बोलवा. लाइट नसतील तर बॅटरी तिचं काम करतेय, बारा तास थांबा. खाली जमिनीवर पाणी दिसलं तर त्यात पाय घालू नका, कुठलाही प्लग ओढू नका, आम्हाला फोन करा. त्याखाली नवऱ्याने स्वतःच्या अक्षरात भर घातलीय: रात्री कितीही वाजता करा, आमच्याकडे तेव्हा दिवस असेल.